शपथेला सुट्टी

राहीबाईला राग यायला कधीच फार वेळ लागत नसे. भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी बारीक दिली तरी यायचा, आणि घरी पोचेपर्यंत निघूनही जायचा. पण त्या सोमवारी आला तो गेलाच नाही. घरचा पाहुणा असल्यासारखा मुक्कामाला राहिला.

झालं होतं असं. आदल्या दिवशी संध्याकाळी तिच्या मुलाने, जीवनने, पाच वर्षांच्या मेघालीला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून आइस्क्रीम खायला नेलं. निघताना दारूची एक क्वार्टर घेतलेली होती, परतताना तीन झाल्या होत्या. वाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर खड्डा आला. खड्डा काही नवा नव्हता, जीवनला गाडी चालवता येत नव्हती तेव्हापासून तो तिथेच होता. पण त्या दिवशी जीवनला तो दिसला नाही. पोरीचा उजवा हात मोडला. जीवनला खरचटलंसुद्धा नाही.

शेजारीपाजारी बोलले, देवाने वाचवलं बाई.

"कुणाला वाचवलं?" राहीबाई ओरडली. "ज्याला वाचवायचं होतं तिचा हात बघा आधी!"

रुचिका, जीवनची बायको, रडली नाही की भांडली नाही. पिशवीत कपडे भरले, प्लास्टर घातलेली पोर काखोटीला मारली आणि सकाळच्या पहिल्या जीपने अंबाडीला माहेरी गेली. रडली असती तर राहीबाईने समजूत काढली असती. नवऱ्याच्या दारूपायी समजुती काढण्यात तिची हयात गेली होती, त्या कामात तिला गावात जोड नव्हती. पण कोरड्या डोळ्यांच्या बाईची समजूत कशी काढतात ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दोन दिवस वाट पाहून ती अंबाडीला गेली. रुचिकाच्या वडिलांनी, रामदासरावांनी, पाणी दिलं आणि एक शब्द न बोलता मागच्या दारी निघून गेले. तोही अपमानच होता, पण राहीबाईने गिळला.

"चल घरी," राहीबाई सुनेला बोलली. "मी त्याला देवीच्या पायावर हात ठेवायला लावते. वर्षाची शपथ घेईल."

"आई, मागच्या वेळी पण वर्षाचीच होती."

"त्या वेळचं वेगळं झालं."

"कसं वेगळं झालं ते मला पण ठाऊक हाय नि तुम्हाला पण." रुचिकाने आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "मला शपथ नको. माणूस जिथं जाऊन दारू सोडतो ती जागा दाखवा. तिथं ते आपल्या पायाने जाऊन बसले, की मग बोलू."

"अशी जागा असती कुठं?"

"मला न्हाय ठाऊक. दारूच्या सगळ्या जागा आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक हायत. ही एक तुम्ही शोधा."

मेघालीने प्लास्टरचा हात पुढे केला. त्यावर मामाच्या पोरांनी नावं लिहिली होती. "आजी, तू पण लिही." राहीबाई चौथीपर्यंत शिकलेली. तिने मोठ्या कष्टाने 'राही' लिहिलं. 'बाई'ला जागा उरली नाही.

आता शपथेचं काय ते सांगितल्याशिवाय रुचिका असं का बोलली ते कळायचं नाही. त्यांच्या गावात दारू सोडायची एकच रीत होती. देवळात जायचं, देवीच्या पायावर हात ठेवायचा आणि मुदत सांगायची. कुणी जत्रेपर्यंतची घ्यायचा, कुणी वर्षाची. जन्माची कुणीच घेत नसे. देवी खरंच ऐकत असली तर काय घ्या! मुदत संपली की त्याच दिवशी माणूस राहिलेली सगळी भरून काढायचा. आणि मधेच कुणाच्या घरची हळद आली, तर त्यालाही सोय होती. हळदीच्या मांडवात पुरुषाने ग्लास उपडा ठेवला तर घरधन्याचा अपमान होतो. म्हणून घरातल्या मोठ्या बाईने देवीला नारळ द्यायचा आणि सांगायचं, आई, आजच्यापुरतं याला मोकळं कर. झाली शपथेला सुट्टी. सरकारी नोकरांना नसतील इतक्या सुट्ट्या त्या गावातल्या शपथांना मिळत.

राहीबाईच्या नवऱ्याने, विठूने, जन्मात नऊ शपथा घेतल्या. सगळ्यांना सुट्ट्या मिळाल्या. सहा वर्षांपूर्वी डोळे पिवळे होऊन तो गेला, तेव्हा नववी चालू होती.

आणि गेल्या वर्षी जीवनने घेतली. चैत्रात घेतली ती मार्गशीर्षापर्यंत टिकली. वडपे गावातल्या गोदामात तो फोर्कलिफ्ट चालवायचा. तिथे गेटवर यंत्रात फुंकर मारून मगच आत सोडतात. ते आठ महिने तो रोज ताठ मानेने फुंकर मारायचा. रुचिका हसायला लागली होती. मग राहीबाईच्या पुतण्याची हळद आली. धाकटा दीर दारात येऊन बोलला, "वयनी, घरचा पोरगा मांडवात चहा पिणार काय? पावण्यांसमोर माझं नाक कापता?"

नारळ राहीबाईने स्वतः निवडला. हलवून, पाणी ऐकून, चांगला भरलेला. देवळात जाऊन दिला आणि सुट्टी मागितली. देवीने काही हरकत घेतली नाही. एका संध्याकाळची सुट्टी होती, जीवन अजून शपथेवर रुजू झाला नव्हता.

हे सगळं रुचिकाने पाहिलं होतं. तेव्हा ती बोलली नव्हती, आता बोलली.

तर राहीबाई जागा शोधायला लागली. आणि शोधता शोधता तिचा राग असा काही भडकला की चुलीत लाकूड घालायची गरज पडू नये. तिच्या घरापासून दारू मिळायची पहिली जागा शंभर पावलांवर. हायवेला लागेपर्यंत आणखी चार. कुणालाही विचारा, बोट करून दाखवील. आणि सोडायची जागा विचारली की माणसं आभाळाकडे बघत.

दवाखान्यातल्या नर्सबाईने ड्रॉवरमधून एक कागद काढून दिला. त्यावरचा फोन लागेना. सरपंच बोलले, "काकी, एकदम सोडायची काय गरज हाय? त्याला बोला, प्रमाणात घे." सरपंचांच्या तोंडाला त्या वेळी वेलदोड्याचा वास येत होता, आणि तो का येतो हे राहीबाईपेक्षा जास्त कुणाला कळणार? पुलाच्या भिंतीवर रंगवलेलं होतं, 'पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा.' तिने तो नंबर फिरवला.

"पुडी भेटेल मावशी," पलीकडचा बोलला. "आमटीत टाकायची. त्याला कळणार पण नाही."

"आणि त्यावर तो प्याला तर?"

"उलट्या होतील. घाबरेल."

"आणि मेला तर?"

पलीकडच्याने विचारलं, "मावशी, तुम्हाला पुडी हवीय का नकोय?"

त्यावर राहीबाईने त्याच्या सात पिढ्यांना जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवल्यावर आणखी दोन गोष्टी आठवल्या, म्हणून तिने परत लावला आणि त्याही ऐकवल्या.

हे तिने दुसऱ्या दिवशी तिच्या गोदामात, जेवायच्या सुट्टीत, हात नाचवून सांगितलं. राहीबाई तिथे खोक्यांवर लेबलं चिकटवायची. बाकीच्या बायका पोट धरून हसल्या. हसली नाही ती धम्मदिना. ती राहीबाईच्या गावचीच, बुद्धवाड्यातली. चार वर्षं दोघी एका टेबलावर शेजारी बसत, एकमेकींच्या डब्यातलं लोणचं खात. पण घर एकमेकींचं पाहिलेलं नव्हतं.

शिफ्ट सुटल्यावर धम्मदिना हळूच बोलली, "काकी, आमच्या घरी या. आमच्या ह्यांना काय तरी सांगायचंय तुम्हाला."

लग्न होऊन गावात आल्याला चाळीस वर्षं झाली, पण राहीबाई बुद्धवाड्यातल्या घराची पायरी त्या दिवशी पहिल्यांदा चढली. धम्मदिनाचा नवरा, धम्मपाल, गोदामांमधून वायरिंगची कामं करायचा. शांत माणूस. गावात कुणाच्या हळदीला जायचा नाही, म्हणून लोक त्याला शिष्ट समजत.

त्याने खुर्ची दिली आणि समोर उभा राहून सरळ सांगितलं. "काकी, मी अकरा वर्षं झाली पिलो न्हाय."

"तू प्यायचास?"

"विठूकाकांच्या बरोबरीने. ते मांडवात बसून, मी मांडवाच्या मागं." त्याने बाहेरचं दार लोटलं. "भिवंडीत एक ग्रुप हाय. शाळेच्या खोलीत मिटिंग भरते. मंगळवारी नि शुक्रवारी, संध्याकाळी सातला. सगळे पिणारेच. आता न पिणारे. फी न्हाय, औषध न्हाय. बसायचं नि खरं बोलायचं."

राहीबाईला आधी बरं वाटायला हवं होतं. पण आला तो रागच. ती खुर्चीतून उठली.

"अकरा वर्षं? अकरा वर्षं तुला ही जागा ठाऊक, आणि सहा वर्षांपूर्वी माझा माणूस तसा गेला? तू मयताला आला होतास. मी बघितलं होतं तुला, लांब उभा होतास. पत्ता खिशात घेऊन उभा होतास काय रे?"

"नियम हाय काकी. तिथं कोण येतं ते बाहेर बोलायचं न्हाय."

"दुसऱ्याचं बोलू नको. स्वतःचं सांगायला तुझं तोंड कुणी शिवलं होतं?"

धम्मदिना स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी राहिली. धम्मपालने मान खाली घातली नाही.

"कुणी न्हाय शिवलं. मी आलो होतो सांगायला. तुमच्या ओट्याखाली उभा होतो. काका बसले होते, तुमचे दीर पण होते. मी बोललो, काका, एक जागा हाय, मी पण जातो, चला एकदा माझ्यासंग. काका काय बोलले ते तुम्ही ऐकलं असेल. तुम्ही आत होता."

राहीबाई आतच होती. दाराशी बसून तांदूळ निवडत होती. विठू बोलला होता, आता दारू कशी प्यायची ते तुम्ही आम्हाला शिकवणार काय? दीर मांडीवर थाप मारून हसला होता. आणि सूप हलवता हलवता राहीबाईला वाटलं होतं, बरोबर बोलले. कोण कुठला, ओट्याशी येऊन घरच्या धन्याला शहाणपण शिकवतो.

हे सगळं तिला त्या घरात, त्या खुर्चीपाशी उभं असताना आठवलं. राग होता तेवढाच होता. फक्त त्याला टाकायला समोर माणूस उरला नाही. मग राग वळला आणि तिच्याच अंगावर आला.

ती बसली.

"चुकलंच आमचं," ती शेवटी बोलली. मग धम्मदिनाकडे बघून खेकसली, "आता चहा देणार हायस का उभीच राहणार? साखर जरा जास्त टाक."

मंगळवारी जीवन मिटिंगला आला नाही. दुपारपासून राहीबाई त्याच्या मागे लागली. आधी गोडीने, मग शिव्या देऊन, मग त्याच्या चपला लपवून. त्याने शेजाऱ्याच्या चपला घातल्या आणि गेला. धम्मपाल बोलला, "काकी, तुम्ही चला. घरच्यांची पण मिटिंग असते, बाजूच्या खोलीत."

"मी काय दारू पिते?"

"चला तर."

शाळा यंत्रमागांच्या गल्लीत होती. खोलीच्या भिंतीपलीकडे लूम चालत होते, त्यांच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे जरा ओरडूनच बोलावं लागे. राहीबाईला त्याचं काही वाटलं नाही, तिचा आवाज तसलाच होता. पोरांच्या बुटक्या बाकांवर सहा-सात बायका गुडघे वर करून बसलेल्या. एक कलावती म्हणून होती, तिचा नवरा नऊ वर्षांपासून ग्रुपमध्ये होता. एक उत्तर प्रदेशातली, तिचा माणूस लूमवर ड्युटी करणारा. ती हिंदीत बोलायची, बाकीच्या मराठीत, आणि रडताना सगळ्या सारख्याच.

कलावतीने समजावलं, "तिकडं ती माणसं एका दिवसाचं बोलतात. आज न्हाय प्यायची, बस."

राहीबाई उसळली. "एक दिवस? आमच्या गावात देवीसमोर वर्षाची घेतात! एका दिवसाची कसली आलीय शपथ? लहान पोरं पण खाऊ यापेक्षा जास्त दिवस सोडतात!"

"वर्षाची टिकली का ताई?"

कलावतीने ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. साधं विचारलं होतं. म्हणूनच राहीबाईला उत्तर द्यावं लागलं.

"टिकली असती," ती बोलली. "मी मोडली."

आणि मग तिने सगळं सांगितलं. नारळ कसा हलवून बघितला ते. दिराचं नाक राखायला पोराचा घसा कसा ओला केला ते. "घरात तो पितो म्हणून मी जन्मभर बोंबलते, आणि मांडवात न्हाय प्याला तर मलाच लाज वाटते. आधी नवऱ्याची वाटायची, मग पोराची. मी मालकांना फोन करते, जीवनला ताप हाय. मी त्याच्या ओकाऱ्या धुते नि शेजारणीला सांगते, बाहेरचं खाल्लं. असली कसली आई मी? दारूच्या दुकानदारापेक्षा मीच जास्त राबले त्या दारूसाठी!"

उत्तर प्रदेशातली बाई बोलली, "हम भी यही करते थे दीदी. बुखार, बुखार. मेरे आदमी को साल में चालीस बार बुखार आता था."

त्यावर सगळ्या हसल्या. राहीबाईसुद्धा. आणि हसता हसता तिला परत राग आला की हे इतकं सोपं बोलणं चाळीस वर्षांत तिच्याशी कुणी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीवन अंथरुणातूनच बोलला, "आये, सुपरवायझरला फोन कर. ताप हाय बोल."

"तूच कर. आणि दारू उतरली न्हाय असं बोल."

तो उठून बसला. "डोकं फिरलंय काय तुझं?"

"फिरलं होतं. आता जाग्यावर आलं."

जीवनने भांडं भिंतीवर फेकलं. राहीबाईने ते उचललं नाही. दोन दिवस ते तिथेच पडून होतं. तिला ते उचलायचा इतका मोह होत होता की हात पाठीमागे बांधून चालावं लागलं. तिसऱ्या दिवशी तो कामावर गेला, गेटवरच्या यंत्रात फुंकर मारली, यंत्राने पकडलं आणि परत आला. मालकांनी फोर्कलिफ्ट दुसऱ्याला दिली. माल उचलायला ठेवतो बोलले. पूर्वी राहीबाई त्याच्या गोदामाच्या ऑफिसात जाऊन हात जोडून आली असती. ती गेली नाही. शुक्रवारी मिटिंगला मात्र गेली. पुढच्या मंगळवारी परत गेली. दर वेळी जीवनला फक्त एवढंच सांगायची, "सहाला निघते. यायचं तर ये." तो तोंड फिरवायचा.

मग एका रविवारी तो न पिता अंबाडीला गेला. हे तिला तो परत आल्यावर कळलं. दुपारीच आला, उंबऱ्यावर बसला. चप्पलही काढली नाही.

"मेघाली भेटली?" राहीबाईने विचारलं.

"अंगणात खेळत होती. मी हाक मारली." त्याने चपलेचा अंगठा ओढला. "पळाली ती. सासऱ्यांच्या मागं जाऊन लपली. मी पिलो न्हवतो आये. तुझी आण. मी पिलो न्हवतो तरी पळाली."

राहीबाईच्या तोंडाशी हजार गोष्टी आल्या. बरं झालं, ही त्यातली पहिली. माझं लेकरू, ही दुसरी. ती एकही बोलली नाही. त्याच्यासमोर भात वाढला आणि आपल्या कामाला लागली. मिटिंगमध्ये तिला सगळ्यात कठीण गेलं होतं ते हेच, गप्प बसणं.

मंगळवारी पावणेसहाला तो मोरीत तोंड धूत होता. "त्या शाळेत बाया पण असतात?" त्याने न बघता विचारलं.

"वेगळ्या खोलीत."

"धम्मपाल असतो?"

"असतो. त्याच्यासंग बसायला लाज वाटत असेल तर तिथनंच उलटा फिर."

"मी असं बोललो काय?"

तो आला. रिक्षात एका कडेला बसून, शेजारच्याने ओळखू नये म्हणून तोंडाला रुमाल बांधून. शाळेच्या दारात थबकला. धम्मपाल आत बसल्या जागेवरून जरा सरकला, बाकावर जागा झाली. जीवन जाऊन बसला.

बाजूच्या खोलीत राहीबाईचं अर्धं अंग भिंतीकडे. लूमच्या खडखडाटातून जीवनचा आवाज तेवढा बरोब्बर तिच्या कानात शिरला. "आईमुळे आलो," तो बोलत होता. "तिने डोकं खाल्लं माझं. घरात राहवत न्हाय."

"ऐकलंत?" राहीबाई ताडकन उठली. "ऐकलंत मेल्याचं? मी डोकं खाल्लं!"

कलावतीने उठून खिडकी लावून घेतली. "तिकडचं तिकडं राहू दे ताई. तुम्ही तुमचं बोला."

पाऊण तासाने तो बाहेर आला. कागदी कपात चहा होता, तो त्याने दोन घोटांत संपवला.

"शुक्रवारी पण असते बोलले," तो बोलला.

"मग?"

"मग काय मग? शुक्रवारचं शुक्रवारी."

त्याला एक थोबाडीत द्यावी की जवळ घ्यावं, राहीबाईला काही ठरवता येईना. तिने रुचिकाला फोन लावला आणि, नेहमीसारखं स्वतः न बोलता, स्पीकर लावून तो त्याच्या हातात दिला. "तूच सांग."

जीवनने सांगितलं. चार वाक्यांत. आज पिलो नाही, मिटिंगला बसलो, धम्मपाल होता, उद्याचं काही बोलत नाही.

मग रुचिकाचा आवाज आला. "रविवारी सकाळी या. तासभर. माझे बाबा घरात असतील."

तासभर! पोटच्या पोरीला भेटायला बापाला तासभर, आणि वर सासऱ्याचा पहारा! राहीबाईच्या ओठांवर आलं. तिने पदराचा बोळा तोंडाशी धरला, सगळं आत दाबलं, आणि मग मोकळं व्हायला कुणी तरी हवंच होतं म्हणून रिक्षावाल्यावर ओरडली, "अरे बाबा, सुटणार हायस का इथंच मुक्काम करायचाय?"

जीवन तिच्या शेजारी येऊन बसला. रुमाल खिशातच राहिला.